भरितापायी चुकलेली बोट

मंडळी, मी न्यूझीलंडला फिरायला आलेय आणि डोकं नुसतं तापलंय.

आम्हा पाचोरेकरांची बस आज फिओर्ड बघायला निघाली होती. फिओर्ड म्हणजे उंच डोंगरांच्या मधे आत शिरलेला समुद्र. तो बोटीतून बघायचा असतो. वाटेत तळ्याकाठी थांबलो, तर सगळ्यांनी सोबतच्या आचाऱ्याकडे गरम भरीत-पुरीचा हट्ट धरला. वांगी भाजून, जेवणं उरकून पोचेपर्यंत बोट निघून गेली!

मी चिडले, तर आमच्यातले सगळ्यात वडीलधारे नाना ढेकर देत म्हणाले, "असा डोंगर आपला सातपुडामा बी शेतस!"

"नाना, सातपुड्यात कधी गेलात?"

"तठे काय शे देखाले?"

आता तुम्हीच सांगा, तिथेही बघण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्या या माणसाला डोंगर दाखवायचा तरी कुठला?