मोटार कुणी भरली

"ए पोरी, विहिरीवरनं खाली उतर. पाय काढ आदी."

मी कठड्यावर वाकून मोटारीची केबल वर ओढत होते. मोटार नुकतीच पाण्यात सोडली होती. आवाज आबांचा. येरमाळ्याजवळचे मोठे बागायतदार. त्यांना नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलेलं नाही. विहिरीच्या कडेला शेंदूर फासलेले दगड होते, आसरांचे. पाण्याच्या देवी. आबांनी आधी त्यांना हात जोडले. मग माझ्याकडं बोट केलं.

"हितं साती आसरा हाईत. त्यास्नी तुमचं चालत न्हाय."

तुमचं. एवढ्या शब्दात माझी वस्ती आली, माझा बाप आला, आजोबांनी घेतलेला बुद्धाचा धम्म आला.

"आबा, वायरी पेटीला जोडायच्या राहिल्यात."

"माझा ल्योक जोडल. तू बांधावर उभी ऱ्हा. शाळा शिकलीस म्हणून विहीर तुझी झाली व्हय?"

गडी हसले. मी उतरले.

बाप जयंतीला पुस्तिकांचा स्टॉल लावायचा. त्या पुस्तिकांवरच मी अक्षरं गिरवली. पाण्याच्या हक्काची पानंच्या पानं पाठ. त्या दिवशी त्यातली एक ओळ तोंडातून फुटली नाही.

आबांच्या मुलानं वायरी जोडल्या. बटण दाबलं. मोठ्या पाइपातून पाणी आलं बोटभर. मला बांधावरूनच कळलं. दोन वायरींची अदलाबदल झाली होती. मी ओरडले, "मोटार उलटी फिरतीय. बंद करा, दोन वायरी बदला." कुणी मान वळवली नाही. माझं ऐकायचं तर मला वर बोलवावं लागलं असतं. त्यापेक्षा त्यांनी मोटार तशीच चालू ठेवली. दुपार कलायच्या आत ती जळाली.

ती मोटार मी भरली होती. भरली म्हणजे जळालेली तार काढून प्रत्येक खाचेत नवी तार ओवली होती. माझ्या हातानं.

त्याआधी मी इथून जवळच्या वाशीला एका संस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. पदवी होती, पंख्याखाली खुर्ची होती. संध्याकाळी आई विचारायची, "आज काय केलंस गं?" मला सांगता यायचं नाही. येरमाळ्याला बस बदलायची असायची. थांब्यासमोर मोटारी भरणाऱ्या उस्तादांचं दुकान. मी उभी राहून त्यांची बोटं बघायचे. एक दिवस थांबा सोडून आत गेले.

"उस्ताद, मला शिकवाल?"

"डिग्रीवाली ना तू? हात काळे व्हतील, बेटा."

"होऊ द्या."

"मंग बस. चाय पिणार का आदी रडणार?"

रडलेही. तारेनं बोटं चिरली. एक वेढा चुकला की सगळं उकलायला लावायचे. पण मी भरलेली पहिली मोटार दुकानात सुरू झाली, तेव्हा तिच्या अंगावर तळहात ठेवला. एकसारखी थरथर. घरी गेल्यावर आईनं विचारायची मी वाटच बघितली नाही. दारातूनच सांगितलं, "मोटार भरली."

आबांची मोटार जळाल्यावर गावात बोललं जाऊ लागलं, पोरीच्या हातानं इटाळ झाला, आसरा कोपल्या. आमच्या वस्तीची वाट आबांच्या बांधावरून जाते. सकाळी तिथं बाभळीचे काटे पडलेले. कुणी टाकले, विचारायचं नाही. वस्तीतल्या बायका खुरपायला गेल्या तर मुकादम म्हणाला, "आज काम न्हाय." शेत तणानं भरलेलं दिसत होतं. परतताना बायका माझ्याकडं न बघता पुढं गेल्या.

मग आबांची जीप दुकानापुढं थांबली. इंजिन चालूच. गड्यांनी जळालेली मोटार उतरवली.

"उस्ताद, तुमच्याच हातची पायजे. तसं गावाला सांगायचं बी."

"आबा, मला आता खाच दिसत न्हाय. नजर गेली."

आबांनी मला न्याहाळलं. आवाज एकदम मऊ केला. "ठावं हाय. काम तिचंच बरं हाय. तिला मागं बसव की. पडदा लाव. दिसलं न्हाय म्हंजी झालं."

विहिरीवर मी विटाळ होते. पडद्यामागं मी कारागीर.

दुकानाची जागा आबांच्या पाहुण्याची. उस्तादांनी माझ्याकडं न बघता खुंटीवरची जुनी चादर काढली. "बेटा, थोड्या दिसांची तर बात हाय," ते म्हणाले. मला शिकवणारे हात. ते चादर बांधू लागले.

"अन् पोरी," आबा म्हणाले, "येताजाताना वाट बघून चाल. काटे लई झालेत."

समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर येऊन बघत होती.

मी माझा पाट उचलला. दुकानाच्या उंबऱ्यात टाकला, सडकेकडं तोंड करून. बसले.

"ही मोटार मी भरली होती. तुमच्या मुलानं वायरी चुकवल्या म्हणून जळाली. परत भरायची तर मी इथं बसून भरीन, सगळ्यांदेखत. कुणी विचारलं तर माझं नाव सांगायचं. चालत नसलं तर उचला मोटार."

माझ्या तोंडून हे सगळं आलं. पुस्तिकेतलं एक अक्षर त्यात नव्हतं.

आबांनी गड्यांना बोटानं खूण केली. नंतर म्हणाले, "बरं." इतकंच. गड्यांनी मोटार परत जीपमध्ये चढवली.

ते 'बरं' अजून संपलेलं नाही. दुकानात गिऱ्हाईक येत नाही. बायकांना काम नाही. आई म्हणते, वाशीची खुर्ची बरी होती. जीप रोज वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबते, कुणी उतरत नाही. उस्ताद अर्धी बांधलेली चादर सोडतही नाहीत, पुरती ओढतही नाहीत.

मला भीती वाटते. वाटू दे. सकाळी कोयत्यानं काटे बाजूला करते आणि त्याच वाटेनं येते. वळसा घालणार नाही. खुर्चीवर परत जाणार नाही. चादर ओढली गेली तर उठेन, आणि सडकेच्या कडेला पोतं अंथरून तिथं मोटारी भरीन. उघड्यावर.