काकींचं नाक

काकी आधी वास घ्यायच्या, मग बोलायच्या. दूध, पीठ, कोथिंबिरीची जुडी, ओटा पुसायचं फडकं, सगळं आधी नाकाशी जायचं. नाकपुड्या एकदा फुलायच्या आणि निकाल लागायचा. "शी! टाक तिकडं." नाहीतर, "हाय, चालतंय." तुमच्याही ओळखीत असं एखादं नाक असेल. पण काकींच्या नाकावर सांगलीत शिकणाऱ्या आम्हा कितीतरी मुलींची पोटं सुखरूप राहिली.

त्यांची खानावळ होती. मी आटपाडीकडच्या खेड्यातून आलेली, घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच. पहिल्या दिवशी बुजून कोपऱ्यात बसले होते. काकींनी आमटीच्या पातेल्यावर वाकून श्वास ओढला आणि चिमूटभर मीठ टाकलं.

"मिठाचा वास येतो का हो काकी?" मी न राहवून विचारलं.

"न्हाई येत. म्हणून तर कळतंय, न्हाई ते."

मी हसले आणि त्या दिवसापासून पोटभर जेवायला लागले. पदवीचा कागद हातात आला तेव्हा गावाकडची एसटी पकडण्याआधी मी तो त्यांना दाखवायला नेला. त्यांनी हात पदराला पुसले, कागद नाकाशी नेला. "नव्या पुस्तकावानी वास हाय. खरं हाय हे." मग घाईनं परत दिला. "ठिव आत. आमटीचा हात लागंल."

पुढे मी सांगलीतच शाळेत शिकवायला लागले आणि जेवायला काकींकडेच राहिले.

काकी अंगानं भक्कम होत्या. पन्नाशीनंतर गुडघे गेले. शेगडीपुढं उभं राहताना एक हात ओट्यावर टेकलेला असायचा, पुढे पुढे दोन्ही. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यांचं ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरवा. तुमचा रक्तदाब बघता या वजनाला मी हात लावणार नाही. ऑपरेशन नाही तर उभं राहणं नाही, आणि उभं राहणं नाही तर खानावळ नाही. काकींना दुसरं काहीच नको होतं. "मला पळायचं न्हाई गं. शेगडीपुढं हुबं ऱ्हायचं हाय."

अशातच वर्तमानपत्रातून एक गुलाबी कागद घरात आला. तापवलेल्या खोलीत व्यायाम, घामावाटे चरबी बाहेर, पहिला दिवस मोफत. काकींनी तो माझ्यापुढं धरला. "तू शिकलीयास. सांग, जाऊ का नगं?"

मी म्हटलं, बघून येऊ.

एप्रिलचा महिना होता. बाहेर डांबर मऊ झालेलं, आणि आत त्या लोकांनी हीटर लावले होते! गावच्या ज्या उन्हातून मी शिकायला म्हणून बाहेर पडले, ते ऊन इथं दारं-खिडक्या लावून विकायला ठेवलं होतं. काचांवर वाफ, भिंतींना ओल. कोंदट, आंबूस, ओशट असा एक वास आणि त्यावर मारलेला गुलाबाचा फवारा. मोज्यावर अत्तर ओतावं तसं. पायाखालची चटई पावलाला चिकटायची आणि सुटताना चट् असा आवाज करायची. आज लिहितानाही माझी बोटं आखडतात.

काकींनी त्यांना दिलेली चटई उचलून नाकाला लावली. "शी! ह्यावर कालचा मानूस अजून हाय की."

शिकवणारी मुलगी गोड हसली. "काकू, घाम म्हणजे चरबीचे अश्रू असतात."

"आस्सं? मग माझ्या सैपाकघरात रोजच मयत झाल्यागत हाय म्हण की."

मागच्या बायका फिसकन हसल्या. तरी काकींनी खुर्चीवर बसून हात वर-खाली केले, लाल झाल्या, निथळल्या. शेवटी पुन्हा वजनकाट्यावर चढल्या आणि काटा आल्याआल्या दाखवलेल्या वजनापेक्षा खरंच जरा खाली आला. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाईट वाटलं. बाहेर कोपऱ्यावरच्या गाड्यावर आम्ही ताक प्यायलो. काकींनी एकावर एक ग्लास रिचवले. मग चष्मा आत राहिला म्हणून परत गेलो, तर त्या मुद्दाम पुन्हा काट्यावर उभ्या राहिल्या. काटा पहिल्या जागी.

"बघितलंस? ताक गेलं, ताक आलं." रस्ताभर हसल्या. "चल गं, सैपाक पडलाय."

मला वाटलं, विषय मिटला.

पावसाळ्याच्या तोंडाला एक दिवस मधल्या सुट्टीत डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन आला. काकी तिथल्या वजनकाट्यावर उभ्या राहिल्या आणि तिथंच कोसळल्या होत्या. मी धावत गेले. त्या पांढऱ्याफटक पडून होत्या. हाताला सलाईन. मी पदर सारखा करायला वाकले आणि थबकले. गुलाबाचा फवारा. त्याच्याखाली ओशट रबर. एवढी वर्षं त्यांच्या हातचं जेवल्यावर माझंही नाक तयार झालं होतं.

"काकी, तुम्ही त्या खोलीत जाता."

त्यांनी डोळे मिटले. "व्हय. रोज."

"अहो, पण ताकाचं तर तुम्हालाच कळलं होतं!"

"कळलं हुतं की. म्हणून आज तितनं सरळ हितं आले. सकाळपास्नं पानी न्हाई घेतलं, ताक न्हाई घेतलं. डाक्टरच्या काट्याला काय कळतंय, चरबी गेली का ताक?"

नासलेल्या दुधाला हात न लावणारी ही बाई, रोज त्या खोलीत जाऊन बसत होती.

"तुम्हाला मळमळत नव्हतं?"

"मळमळायचं की." त्या छताकडे बघत म्हणाल्या. "गिळायचे. काल जरा गरगरलं, तर ती पोरगी म्हणाली, काकू, चांगलं हाय, आतली घाण निघतीया." मग मान माझ्याकडे वळवून, "माझ्या आत घाण? मी दुसऱ्याचं फडकं घेत न्हाई हातात."

आणि त्या रडल्या. घामातून गेलेलं सगळं पाणी वर लावलेल्या बाटलीतून थेंब थेंब परत आत जात होतं.

डॉक्टर रागावले. रक्तदाबाची गोळी घेऊन असल्या भट्टीत बसतात का, म्हणाले. आता आधी हृदय तपासायचं, ऑपरेशनचं पुढं कधीतरी बघू. कुणी मला विचारलं, ते गरम वर्ग वजनासाठी करून बघावेत का, तर मी काकींच्या शब्दांत सांगते. शी. टाका तिकडं. घामाला चरबी म्हणणाऱ्यांची मला आजही शिसारी येते. आणि आजारी माणसाला काही न विचारता तापत ठेवून त्याच्या गरगरण्याला चांगलं म्हणणाऱ्यांची तर त्याहून जास्त.

गुडघ्यांचं दुखणं काही थांबलं नाही. दिवाळीआधी साताऱ्याहून त्यांचा भाऊ आला आणि काकींना घेऊन गेला. आवराआवर करताना पिठाच्या डब्यामागं एक गुंडाळी सापडली. जांभळी चटई, त्यांनी स्वतःची विकत घेतलेली. दुसऱ्याची अंगाला लागू नये म्हणून. रिठ्यानं घासून घासून तिचा रंग उडाला होता.

"ही न्यायची का?"

काकी रिक्षात बसल्या होत्या. मी चटई पुढं केली. त्यांनी वाकून वास घेतला. नाकपुड्या फुलल्या.

"शी! एवढी धुतली, तरी गेला न्हाई. पायपुसनं कर जा तिचं."

रिक्षा वळली. खानावळीच्या दाराला कुलूप लावून मी चटई घरी आणली, कात्रीनं कापली आणि उंबऱ्याबाहेर टाकली. शाळेतून आल्यावर रोज तिच्यावर पाय पुसते. जरा जोरातच पुसते.