गुरुलिंगप्पांच्या ताब्यातली विलायत

आमच्या गावात दारू न पिणारी माणसं तशी बरीच होती. पण ज्याच्याविषयी कुणालाच शंका नव्हती असा माणूस एकच, गुरुलिंगप्पा. तेलाचा घाणा चालवायचे, गळ्यात लिंग, आणि लग्नाच्या मांडवात सरबत दिलं तरी आधी हुंगून बघायचे. हा चांगुलपणा त्यांना फार जड गेला.

पोलीस ॲक्शननंतर जहागिरी गेल्या, तसे आमचे जहागीरदार बंगला सोडून हैदराबादेला गेले. तिथं त्यांच्या दोन मुलांत मालमत्तेवरून भांडण लागलं आणि कोर्टानं बंगल्यातलं सगळं जप्त केलं. गालिचे, झुंबरं, घोडागाडी सांभाळायला इज्जतदार माणसं गल्लोगल्ली सापडली. राहिलं तळघर. त्यात देशोदेशीच्या उंची वाइनच्या शे-सव्वाशे बाटल्या होत्या. पंचनाम्याला आलेल्या नायब तहसीलदारांनी विचारलं, "अजिबात न पिणारा कोण आहे गावात?" सगळ्यांनी अप्पांकडं बोट केलं. कोंडीराम तेवढा पुढं सरकून म्हणाला, "साहेब, म्या बी सांभाळतो की." साहेबांनी त्याला जवळ येऊ दिलं नाही. जवळ यायची गरजही नव्हती.

सुपुर्दनामा झाला. म्हणजे माल अप्पांच्या घरी राहणार, कोर्ट मागेल तेव्हा जसाच्या तसा हजर करायचा, आणि तोवर लेखी परवानगीशिवाय गावाबाहेर मुक्काम करायचा नाही. "चार-सहा महिन्यांची तर गोष्ट," साहेब म्हणाले. अप्पांनी अंगठा दिला. बंगल्यात शाळा भरायची होती, म्हणून बाटल्या कडब्यात गुंडाळून बैलगाडीनं अप्पांच्या पेंडीच्या खोलीत आल्या.

मी लोहाऱ्याला इंग्रजी शिकत होतो, म्हणून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला मला बोलावणं आलं. फ्रान्सची लाल, जर्मनीची पांढरी, पोर्तुगालची पोर्ट, स्पेनची शेरी, हंगेरीची टोके. अप्पा मन लावून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरायचे. मग त्यांनी आपलीच नावं ठेवली. शॅम्पेनच्या बुचाला तार, म्हणून ती तारवाली. जर्मनीची लांबमानी. टोकेची बाटली ठेंगणी, ती बुटकी.

"अप्पा, ही फ्रान्सची माझ्याहून वयानं थोरली आहे," मी म्हणालो.

"शहाणी बी हाय तुझ्याहून. गप पडून ऱ्हाती."

पडून राहायचंच होतं. जहागीरदारांचा खानसामा जाताना बजावून गेला होता, की बाटल्या आडव्या ठेवा आणि थंडाव्यात ठेवा, नाहीतर नासतात. पण पेंडीच्या खोलीवर पत्रा. पहिल्याच वैशाखात दुपारी धडाका झाला. अप्पांच्या बायकोला, इरम्माकाकूंना वाटलं, तेरखेड्याच्या फटाक्यांचा दारूगोळा कुणी घरात आणून ठेवला. बघतात तर एक तारवाली फुटून खोलीभर फेस.

अप्पा स्वतःच वर्दी द्यायला गेले. साहेब आले, काचांचा पंचनामा झाला. "फुटली की फोडली?" असं विचारून त्यांनी चारचौघांत अप्पांना तोंड उघडायला लावलं आणि वास घेतला. वास कांद्याचा आला. पण त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात बाटल्यांवर ओली गोणपाटं. पाणी काकूंनी विहिरीवरून आणायचं, अप्पांनी शिंपडायचं. "बैलाला पाणी न्हाय, आन् ह्या बयांना दोन टायमाला अंघोळ," काकू म्हणायच्या. अप्पा घाण्याला बैल जुंपायचे आणि मधेच उठून खोलीत जाऊन बाटल्यांना हात लावून यायचे, ताप बघितल्यासारखे.

चार-सहा महिन्यांची वर्षं झाली. मग छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि खटला राहिला हैदराबादेत. कचेरीत विचारावं तर म्हणायचे, तुमचे कागद तिकडं. तिकडं लिहावं तर उत्तर यायचं, तुमचा जिल्हा तिकडं. वर आता मुंबईसारखी इथंही दारूबंदी येणार, असं बोललं जाऊ लागलं. पोलीस पाटील गंभीरपणानं सांगून गेले, "अप्पा, एवढा साठा घरात म्हणजे गुन्हाच की हो."

"मग फोडून टाका."

"कोर्टाचा माल कसा फोडता?"

अशात सोलापूरच्या गिरणीत असलेल्या अप्पांच्या मुलाला, चन्नाप्पाला, मुलगा झाला. सून सोलापूरचीच, बाळंतपण तिथंच. बारशाचं बोलावणं आलं. पहिला नातू. अप्पांनी धुतलेलं धोतर नेसून लोहाऱ्याची कचेरी गाठली. साहेब आता नवे होते, बोलायला गोड.

"जाऊन या की हो, कोण बघतंय?"

"लिहून द्या, साहेब."

"लिहून कसं देणार? तो अधिकार कोर्टाचा."

अप्पा परत आले ते थेट गोणपाटांवर पाणी मारायला. मी ओट्यावर होतो. आत काकू गाठोडं बांधत होत्या. "साहेब स्वता जावा म्हनला आन् तुमी माघारी आलाव?"

"तोंडानं म्हनला. उद्या एक फुटली तर त्याचं तोंड हजर व्हनार न्हाय. माझं हुंगत्याल."

"हुंगू द्या की. काय झिजतंय?"

अप्पांनी पुन्हा गोणपाटावर पाणी मारलं. काकूंनी गाठोड्याची गाठ दातानं आवळली. "अंगठा तुमचा लागलाय. माझा न्हाय." अंगडं-टोपडं वर ठेवून त्या निघाल्या.

गाठोडं अप्पांनीच एसटीपर्यंत नेलं. गाडी गेली तसं कोंडीरामनं संधी साधली. "अप्पा, तुमी बी जावा. म्या बसतो की बाटल्यांपाशी."

एरवी अप्पा हसले असते. त्या दिवशी त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. मला खरंच वाटलं, किल्ली देतात. "तू गडी वाईट न्हाईस, कोंडीबा," ते म्हणाले, आणि घरी जाऊन घागर उचलली. विहिरीवर बायकांनी रहाट मोकळा करून दिला.

काकू अजून आलेल्या नाहीत. सून गिरणीत लागली, बाळ सांभाळायचं काम काकूंच्या अंगावर. पत्रं येतात, ती मी वाचतो. बाळ बसायला लागलं, बाळाला दात आला, येऊन जावा. परवा उत्तर लिहायला बसलो. अप्पांनी ओले हात धोतराला पुसले आणि सांगितलं, "लिही, ऊन लई हाय, येनं जमत न्हाय." मी लिहिलं. कार्ड बाजूला ठेवणार तेवढ्यात म्हणाले, "पोरगं कुनावर गेलंय, तेवढं ईचार."