पिवळा दिवा

माणसाच्या प्राणांचं रक्षण करण्याइतकं पवित्र काम जगात दुसरं नाही. नांदेडच्या एका दवाखान्यात हे काम जिन्याखालच्या फायर अलार्मच्या पेटीकडं होतं आणि पेटी एका वॉचमनकडं. तिसऱ्या मजल्यावर माझी आई ऑक्सिजनवर होती. औषधं आणायला खाली आलो की तो दिसायचा. पेटी वाजू लागली की तो मान न वळवता, माशी हाकलावी तसं बटण दाबायचा. आवाज थांबायचा, पिवळा दिवा जळतच राहायचा.

एकदा मी त्याला विचारलंच.

"लाल लागला तर आग, साहेब. घंटी सगळीकडं वाजती. पिवळा म्हंजे पेटीतच कायतरी बिघाड, न्हाईतर एखाद्या मजल्याचा अलार्म बंद ठेवलेला."

"मग हा कशाचा?"

"तिसऱ्या मजल्याचा. लोकं खाटंपाशी उदबत्त्या लावतेत, मग हे लई बोंबलतंय. बंदच करून टाकला."

"आणि तिथं खरंच आग लागली तर?"

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं.

"तुमी हाय की वर. मला फोन मारा."

त्यानं नंबर दिला. मी तो जपून ठेवला.

तिसऱ्या मजल्यावर रेंज येत नाही.