पोटातलं पाणी

वळणाबद्दल बोलायला लागले की काकांचा उजवा खांदा आधी खाली जायचा. मग मान, मग चष्मा. काउंटरसमोर उभ्याउभ्या हा माणूस अख्खा घाट उतरायचा आणि तळाला पोचला की सरळ होऊन म्हणायचा, "पोटातलं पाणी हललं नाही पाहिजे, ताई. बाकी आपलं काही म्हणणं नाही."

आमचं दुकान रे रोडला, लाकडाच्या वखारींच्या मागे. भाऊ गाड्यांच्या सस्पेन्शनचं काम करतो, मी काउंटर सांभाळते आणि गिऱ्हाइकांची तोंडं. तुम्हीही पाहिली असतील अशी पोरं: मोठ्ठा सायलेन्सर लावलेली, गाडीतून उतरायच्या आधीच "एकदम कडक करून टाक" म्हणणारी. त्यात हे साठीचे गृहस्थ. बँकेतून निवृत्त, लालबागच्या चाळीत राहणारे, शर्टाला कडक इस्त्री. आणि दारात त्यांची जुनी, लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार. ती इतकी बुटकी की बाहेर येताना ते आधी एक पाय टाकायचे आणि मग देवाचं नाव घ्यायचे.

त्यांना हवा होता स्वे बार. ही गाडीच्या पोटाखालची पोलादी दांडी. डावं चाक उजव्याशी बांधून ठेवते, म्हणून वळणावर गाडी एका अंगाला कलत नाही. दांडी जितकी जाड, तितकी गाडी ताठ. एवढंच. पण काका दर शनिवारी यायचे, दांड्या हातात घेऊन बघायचे, परत ठेवायचे. "ती दाखवा. नको, आधीचीच बघू." लग्नाचा शालू घेतानाही बायका इतका वेळ लावत नाहीत. शेवटी माझं टाळकं फिरलं.

"काका, शर्यत लावायचीय का कुणाशी?"

"छे हो. हिला गाडी लागते."

मी आपली समजत होते, पोटातलं पाणी ही बोलण्याची पद्धत. ह्यांना खरोखरच पोटातलं पाणी म्हणायचं होतं. काकूंच्या.

काकूंचं माहेर कणकवलीच्या बरंच आत. स्टेशनापर्यंत रेल्वे आहे, पण तिथून पुढे नुसती वळणं. एसटी घ्या नाहीतर रिक्षा, काकूंचं पोट ढवळून यायचं. मागच्या खेपेला त्या माहेरी पोचायच्या आधी दवाखान्यात पोचल्या, सलाइनवर. तेव्हापासून त्यांनी माहेरचं नाव टाकलं. आई नव्वदीला टेकलेली, फोनवर तिला ऐकू येत नाही, मुंबईला यायचं नाव काढत नाही.

"गोळ्या?" मी विचारलं.

"गोळी घेतली की दिवसभर झोपते आणि उठून उलटी करते."

म्हणून ही गाडी. बुटकी गाडी कमी कलते, असं त्यांनी वाचलं होतं. शिवाय मागची सीटच नाही, म्हणजे कुणी नातेवाईक बरोबर येणार नाही. मला तर हेच खरं कारण वाटलं.

"म्हातारी आहे तोवर एकदा गाठ घालून द्यायची," काका म्हणाले. तेव्हा मात्र त्यांचा खांदा हलला नाही.

भावाने पुढे-मागे दोन्हीकडे सगळ्यात जाड दांड्या टाकल्या. काका वरळीला चक्कर मारून आले आणि खूश. गाडी म्हणे जराही कलत नाही. मी म्हटलं, "तुम्हाला काय कळणार? तुमचं पोट म्हणजे पाण्याचं पिंप. ज्याला लागते त्यालाच कळतं. मला विचारा, मी तर टॅक्सीत बसले तरी लिंबू हुंगते."

काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. माझ्या दुखण्याचा इतका आनंद आजवर कुणालाही झालेला नाही.

झालं. दुसऱ्या दिवशी लिंबू घेऊन मी काकूंच्या सीटवर. वळणं खरंच छान जात होती. पण एका चाकाखाली खड्डा आला की जाड दांडी तो धक्का दुसऱ्या चाकालाही पोचवते आणि अख्खी गाडी मान झटकते. आणि खड्डे काय आपल्याकडे शोधावे लागतात? भोईवाड्यापर्यंत मी तग धरला. कोर्टाच्या भिंतीशी "थांबवा" म्हटलं. पुढचं सांगत नाही.

काका पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभे. "वळणावर झालं, की खड्ड्यात?"

"खड्ड्यात," मी तोंड पुसत म्हटलं.

"वा," काका म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी हसू आलं.

मग भावाने पुढची मध्यम टाकली आणि मागची बारीक. मागची फार कडक केली तर ओल्या घाटात शेपूट सुटतं, पुढची केली तर स्टिअरिंग वळवलं तरी नाक सरळ पळतं, असं त्याचं म्हणणं. मागच्या दांडीच्या टोकाला भोकं होती. शेवटच्या भोकात जोडली की ती सगळ्यात नरम. प्रत्येक बदलाला चाचणी माझ्या पोटाची. एक दिवस मी वरळीपर्यंत शेंगदाणे खात गेले, शेंगदाणे खात आले, आणि उतरल्यावर लक्षात आलं की लिंबू दुकानातच राहिलं होतं.

"अजून कलते थोडी," भाऊ कुरकुरला.

"कलू दे की. माणूस बसणार आहे आत."

आणि त्याच आठवड्यात गावाहून निरोप आला. म्हातारीने अन्न सोडलं होतं.

सकाळी निघताना नट आवळून घ्यायला ते दुकानात थांबले. काकूंना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा आणि डोळे गच्च मिटलेले, तेही गाडी उभी असताना. मी खिडकीशी वाकून म्हटलं, "काकू, मलाही लागते. ह्या गाडीत नाही लागली."

त्यांनी एक डोळा उघडला. "खरा सांगतंस?"

"शप्पथ."

त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. दोन गिऱ्हाइकांवर उगाच डाफरले. दिवेलागणीला फोन वाजला. काकांचा नंबर, आवाज काकूंचा.

"बाय माझे, पोचलंय गो. काय्येक झाला नाय." मग नाक ओढल्याचा आवाज. "आईन माका वळखल्यान. म्हणता, तू जेव, मगे मी जेवतंय. आमी दोघींनी पेज खाल्ली."

फोन ठेवला आणि काउंटरवर डोकं टेकून रडले. भाऊ हातातला पाना टाकून धावत आला. "कोण गेलं?"

म्हटलं, "कोणी नाही गेलं रे. जेवले सगळे."

काका काही परतले नाहीत. म्हातारी उठून बसली, हिंडूफिरू लागली, आणि लेकीला आता सोडेना. शनिवारी दुकान मोकळं मोकळं वाटतं. कडक मागणारी पोरं येतात, घेतात, जातात, कुणी डोकं खात नाही.

मेमध्ये काकांनी फोटो पाठवला. अंगणात ती लाल गाडी, बॉनेटभर वाळत घातलेली आमसुलं. दार सताड उघडं, आणि काकूंच्या सीटवर म्हातारी, हातात काठी, कावळ्यांवर नजर ठेवून. आमसुलांचं आंबट पाणी गाडीचा सगळा रंग खाऊन टाकणार. झापायला म्हणून मी नंबर लावला, आणि मग राहू दे म्हटलं.