पेंढ्याचं रेडकू

ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला वस्तुपाठाचं वेड लावलं होतं. जे शिकवायचं ते मुलांच्या डोळ्यांपुढे ठेवा, मग ती विसरत नाहीत, असं सांगत. मीही ते खरं मानलं. तेव्हा वय लहान होतं आणि नोकरी हंगामी.

कुंडलच्या वाटेवरच्या एका गावात मुलींच्या शाळेवर मी एकटीच बाई होते. लढाईचे दिवस, निम्म्या मुलींचे बाप नाहीतर भाऊ पलटणीत. साताऱ्याहून दिपोटीसाहेब तपासणीला येणार होते. शेरा चांगला पडला तर मी कायम, नाहीतर परत सांगलीला, जिथे वडिलांनी माझ्यासाठी एक बिजवर हेरून ठेवला होता.

पाठ निघाला सस्तन प्राण्यांचा. लक्षणं तीन: अंगावर केस, बाहेर दिसणारे कान आणि पिल्लाला आईचं दूध. हे तिसरं परक्या पुरुषापुढे मोठ्या मुलींकडून वदवून घ्यायची मला धास्ती. ते काम म्हशीवर सोपवायचं ठरवलं. एका मुलीची आई सकाळी धारेच्या वेळी म्हैस आणि रेडकू शाळेच्या अंगणात आणायला कबूल झाली.

त्या सकाळी ती आली तेव्हा म्हैस दाव्याला होती आणि रेडकू तिच्या काखेत.

"आवं बाई, रेडकू गेलं की मागल्या आठवड्यात. कातड्यात पेंढा भरून घेतलाय. त्याबिगर ही पान्हा सोडत न्हाई."

"मग मला आधी सांगायचं नाही का?"

"सांगून काय जितं झालं असतं व्हय? गप उभं ऱ्हातंय की. लाथा बी झाडत न्हाई."

दुसरा पाठ तयार करायला वेळ नव्हता. साहेब आलेच. फेटा, लांब कोट, घड्याळाची साखळी. पाटलांनी घातलेला हार त्यांनी शेवटपर्यंत उतरवला नाही. त्यांना पाहून म्हैस बिथरली. मग तिने रेडकाच्या पाठीवरून जीभ फिरवली, पुन्हा फिरवली, आणि चरवीत धारेचा आवाज सुरू झाला.

"वा," साहेब ओसरीवरच्या खुर्चीतून म्हणाले. "पिल्लू शांत आहे. निरोगी दिसतं."

सगळ्या मुलींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी पाटीकडे पाहिलं.

"हं, तू सांग. हे सस्तन कशावरून?" त्यांनी छडी रोखली ती नेमकी म्हशीवालीच्या लेकीवर.

"अंगावर क्यास हायती. कान भायेर हायती."

"आणि तिसरं?"

ती रेडकाकडे पाहू लागली. मला वाटलं लाजली. पण ती अडचणीत होती. खोटं बोलणारीला मी तासभर कोपऱ्यात उभी करीत असे.

"दूध पीत न्हाई ते," ती हळूच म्हणाली.

"का? आजारी आहे?"

"मेलंय सायेब," तिची आई धार न थांबवता म्हणाली. "पेंढा हाय आत."

साहेब उठले, अंगणात उतरले आणि छडीने रेडकाची कूस दाबली. आत पेंढा करकरला. म्हशीने मान वळवून फुस्स केलं, तसे ते दोन पावलं मागे आले.

"हे आधी का सांगितलं नाहीत?"

"आपण निरोगी म्हणालात," मी म्हणाले. मला माफी मागायची होती. तोंडातून हे निघालं.

त्यांनी शेराबुक मागितलं. दौतीत टाक बुडवला आणि कागदावर धरून ते बराच वेळ थांबले. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात ट्रंक भरली. घडलं ते लिहायचं तर पेंढ्याची तब्येत कोणी वाखाणली तेही लिहावं लागलं असतं, आणि वही वर कचेरीत गेली असती तेव्हा ते कुणीतरी वाचलंच असतं. हे मला पुष्कळ नंतर सुचलं. त्या घटकेला फक्त टाकाचं टोक दिसत होतं.

त्यांनी लिहिलं: "पाठ प्रत्यक्ष वस्तूच्या साहाय्याने घेतला. समाधानकारक."

मी कायम झाले. त्या दिवशी मात्र मी साहेबांच्या रिकाम्या खुर्चीत बसून राहिले. दुपारची गणितं मुलींनीच एकमेकींना घातली.