दिनकरकडचा शिक्का

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच टेम्पोची वाट बघत होतो. फोन ठेवल्यावरही वाटत राहिलं, टेम्पोमागून तोही येईल, चहात साखर कमी म्हणून कुरकुरेल...

त्याची फाउंड्री, माझं पंपांचं वर्कशॉप. तो कास्टिंग द्यायचा, मी तीन महिन्यांनी पैसे. तोवर त्याच्या कामगारांनी काय खायचं, हा प्रश्न एका फायनान्स कंपनीनं सोडवला. माझ्या नावाच्या बिलावर ती त्याला लगेच रक्कम द्यायची आणि मुदतीला माझ्याकडून घ्यायची. अट एकच. बिलावर माझ्या सहीचा रबरी शिक्का हवा : 'माल मिळाला, तक्रार नाही.'

"त्यो शिक्का माझ्याकडंच ठीव की," दिनकर म्हणाला. "दर बिलाला माणूस पळवायचा, सोयरीक जमवाय लागल्यागत."

"आणि न आलेल्या मालावर मारलास तर?"

"तर तुझ्या दारात यून सांगीन की."

शिक्का दिला. पुढं कित्येक वर्षं गाडी निघण्याआधीच मला कागदावर माल मिळत राहिला. कुणाचंच काही अडलं नाही.

शोकसभेत उद्योजक संघटनेच्या अध्यक्षांनी त्याला 'विश्वासाचा दीपस्तंभ' म्हटलं. कोल्हापूरला समुद्र नाही, दीपस्तंभ मात्र पुष्कळ. माझ्या खिशात फायनान्स कंपनीची नोटीस होती. कधीच न आलेल्या मालाची बिलं, प्रत्येकावर माझा शिक्का. मागाहून कळलं, एका मोठ्या गिऱ्हाइकानं त्याचे पैसे अडकवले, तेव्हापासून तो माझ्या नावावर पगार भागवत होता. जुनं खोटं बिल नव्या खोट्या बिलानं फेडत होता. शेवटची फेडायला तो उरला नाही. आता ती मी फेडायची, म्हणजे गेल्या वर्षी घेतलेली लेथ विकायची.

पैशाचं समजू शकतो. पण जाण्याच्या आठवड्यातही तो आला होता. चहा पुढ्यात घेऊन म्हणाला, "तुला एक सांगायचं हाय..." मी हातातलं काम ठेवलं. त्यानं एक घोट घेतला. "जाऊ दे. साखर कमी हाय."

परवा वहिनी आल्या. रुमालात गुंडाळलेला शिक्का टेबलावर ठेवला. "भावजी, तुमची वस्तू. रोज पुसून ठेवायचे." त्यांना यातलं काही माहीत नाही. मीही सांगितलं नाही.

त्या गेल्यावर कोऱ्या कागदावर तो उमटवून पाहिला. अक्षरं अगदी स्वच्छ. माल मिळाला, तक्रार नाही.

तक्रार आहे, दिनकर. दारात आला होतास की...